छंदाला गिऱ्हाईक

नागपुरात कुणी घरी बासरी शिकू लागला तर शेजारी खिडक्या लावून घेतात. आमच्या रामाकोन्यात शिकू लागला तर आठवड्याच्या आत कुणीतरी वरातीची सुपारी घेऊन दारात उभा राहतो. शहरात माणसाला छंद असू शकतो. गावात तेवढी मोकळीक नाही. तुम्ही जे काही कराल त्याची कुणाला तरी गरज असतेच, आणि ती गरज तुमच्या अंगणात येऊन खाटेवर बसते.

आमच्या भाऊजींना हे ठाऊक असायला हवं होतं. जन्म इथला, नोकरी इथली. सौंसर तहसिलीतल्या शाळांमधून त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे आमच्याकडे माणूस भांडतो मराठीत आणि तक्रार लिहितो हिंदीत. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि बसल्या जागी आमचा जिल्हाही बदलला. अशा मुलखात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एखादी गोष्ट निदान स्वतःच्या मर्जीनं करावीशी वाटली, तर त्यात त्याचं काय चुकलं?

सुचवणारे कमी नव्हते. संत्र्याची बाग घ्या. भजनी मंडळात या. दर शनिवारी जामसावळीला चला, तिथं हनुमानजी पहुडलेले आहेत, तुम्हीही जरा आडवे व्हा. भाऊजी सगळ्यांना हो म्हणाले आणि रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन अमेरिका पाहत राहिले. तिकडे २०१५ पासून ‘फोर्ज्ड इन फायर’ नावाचा कार्यक्रम चालतो. चार लोहार, एक घड्याळ आणि तापल्या पोलादातून सुरा घडवायची शर्यत. परीक्षक तो सुरा कधी जाड दोरावर, कधी मेलेल्या डुकरावर चालवून पाहतात. भाऊजी शाकाहारी असल्यामुळे त्यांनी दोर तेवढा लक्षात ठेवला.

ज्या वर्षी तिकडे हा कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी इकडे आमची नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज बंद पडली. या दोन घटनांचा संबंध नाही असं वाटेल, पण आहे. घरी भट्टी मांडणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींचा एक ठरलेला सल्ला असतो: ऐरण परवडत नसेल तर रुळाचा तुकडा घ्या. रामाकोन्यात हा सल्ला पाळणं नाजूक काम. ज्या गावाजवळचे अडीच फुटी रूळ उखडून रुंद रूळ टाकले गेले, तिथं रुळाचा तुकडा अंगणात दिसला तर पाहुणेसुद्धा चहा अर्धा टाकून उठतात. रेल्वेचा माल घरात सापडला आणि तो रीतसर आला हे पटवून देता आलं नाही, तर १९६६ च्या कायद्यानं तुरुंग आहे. भाऊजींनी हा कायदा वाचला होता. ते भंगारवाल्याकडे गेले आणि म्हणाले, “हे लोखंड रेल्वेचं नाही असं पक्क्या पावतीवर लिहून दे.”

भंगारवाल्यानं त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “गुरुजी, माह्या दुकानात कोनत्या लोखंडाचा बाप कोन, हे मलेच माहीत नाई. तुमाले कसं लिहून देऊ?”

शेवटी ट्रकचा मोडका एक्सल आला. बाभळीच्या ओंडक्यात तो उभा ठोकला, चपटं तोंड वर, झाली ऐरण. भट्टीला ट्रकचा ब्रेकड्रम. घडवायला ट्रकच्या कमानीचे पाटे, कारण बाजारातल्या साध्या सळईत कार्बन इतका कमी की तिला कितीही पाणी पाजा, धार धरत नाही. पाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. नंबरप्लेट तेवढी मिळाली असती तर गोठ्यातला हा ऐवज आरटीओनं पास केला असता. हवेसाठी भाचीचा हेअर ड्रायर. ती पुण्याला असते. दिवाळीत आल्यावर तिला काय सांगायचं, हे त्या वेळी कुणाच्या मनात नव्हतं.

मग गावात बातमी गेली की गुरुजींनी गोठ्यात भट्टी लावली. मोहाच्या दिवसांत अशी बातमी पाय फुटून चालते. त्याच संध्याकाळी दोघं जण मागच्या दारानं आले, एकाच्या सदऱ्याखाली रिकामी बाटली. भाऊजींनी त्यांना खाटेवर बसवून पोलादातल्या कार्बनचं प्रमाण समजावलं. दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. शाळेत असताना याच माणसाच्या छड्या खाल्ल्या होत्या, मध्येच उठायची हिंमत कुणाची?

पहिला सुरा घडायला बराच काळ गेला. त्याचं मुख्य कारण ऊन. भट्टी सुरुवातीला निंबाखाली मांडली होती, आणि भरदुपारी तापलेल्या लोखंडाचा रंग दिसतच नाही. जरा तापू द्यावं, अजून जरा, म्हणता म्हणता पाट्यातून दिवाळीच्या ठिणग्या उडायच्या. म्हणजे लोखंड जळालं. ते कामातून गेलं. लोहाराची जागा अंधारी असते ती गरिबीमुळे, असं आपण समजतो. ती रंग दिसावा म्हणून असते. हे कळल्यावर भट्टी गोठ्यात गेली, एका बाजूला तट्ट्या लागला आणि म्हशीनं दूध कमी केलं.

सुरा झाला. ताईनं तो घेतला आणि ओट्यावर आजमावला. कांदा बधला नाही, टोमॅटो मात्र भीतीनंच फुटला. मग तिनं तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला: कोळसा, ग्राइंडरच्या चकत्या, जळालेला हेअर ड्रायर आणि सुरा विझवायला म्हणून कढईतून परस्पर उचललेलं शेंगदाण्याचं तेल, ज्याला आता भजी तळली तरी लोखंडाचा वास येतो. “सौंसरच्या बाजारात याच्यापेक्षा बरा सुरा ऐंशी रुपयांना येते,” ती म्हणाली. भाऊजी म्हणाले, “तो विकत घेतलेला असते.” या उत्तरावर जगातल्या सगळ्या हौशी लोहारांचा संसार उभा आहे.

याच सुमाराला पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. हातात वखराची पास.

“गुरुजी, धार पार गेली. जरा पाजून द्या न.”

भाऊजींनी त्याला समजावलं की हा धंदा नाही, हौस आहे. त्याला ते पटलं. “हौसच आहे न, मंग पैशाचं काई नाई,” असं म्हणून तो पास ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी दोन पासा आल्या, एक विळा आणि एक सब्बल, जिच्या टोकानं बहुतेक अख्खा सातपुडा खोदून झाला असावा. पेरणी तोंडावर होती. घणाचा आवाज लांब जातो, आणि शेतकऱ्याच्या कानाला तो बरोबर ओळखू येतो.

त्याच आवाजावर लोहारबाबाही आले. गावचे जुने लोहार. मुलांचं रोडवर गेट-ग्रिलचं दुकान आहे, तिथं वेल्डिंगच्या उजेडात बाबांना कुणी बसू देत नाही. ते गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. भाऊजी कंबरेइतक्या उंच ऐरणीपुढे उभे राहून ठोकत होते, मोबाइलमध्ये दिसतात तसे. पाट्याचा लाल रंग जाऊन काळा आला तरी ठोकत होते.

“गुरुजी,” बाबा म्हणाले, “थंडं झालं ते. आता तुमी त्याले नाई मारून रायले, ते तुमाले मारून रायलं.”

त्या दिवसापासून ओंडका करवतीनं अर्धा झाला आणि भाऊजी जमिनीवर बसून काम करू लागले. अमेरिकन लोहार उभा असतो कारण त्याला घड्याळ असतं. आपला लोहार बसतो. त्याला दिवस काढायचा असतो. हे माझं मत आहे, बाबांचं नव्हे. बाबांचं म्हणणं एवढंच की उभ्यानं पाठ जाते.

बाबांनी पासेला पाणी दिलं ते मी पाहिलं आहे. निखाऱ्यात पास धरली आणि बोलणं थांबलं. आधी नुसती तांबूस, मग लाल, मग पिकल्या संत्र्याचा रंग. सांडशीनं बाहेर काढून फक्त धारेकडचा दोन बोटं भाग पाण्यात. चर्र. लगेच वर. विटेच्या तुकड्यानं धारेवरून दोनदा घासलं, तशी काळ्या लोखंडावर एक पांढरी पट्टी उघडी पडली, आणि बाबा त्या पट्टीकडे पाहत बसले. मागच्या अंगात राहिलेली धग हळूहळू पुढे सरकत होती. पट्टीवर फिकट पिवळी झाक आली, मग ती तपकिरी झाली, मग कडेनं जांभळी होऊ लागली. जांभळी दिसली त्या क्षणी अख्खी पास पाण्यात.

“दोनशे ऐंशी अंश!” भाऊजी ओरडले. त्यांना कोष्टक पाठ होतं: पिवळी दोनशे वीसला, जांभळी दोनशे ऐंशीला, निळी तीनशेला; पिवळीवर थांबाल तर धार कडक पण दगडावर तुटते, निळीपर्यंत जाल तर तुटत नाही पण लवकर बोथट होते.

“असंन,” बाबा म्हणाले. “वावरात गोटे लय आहे, म्हनून जांभळी.”

दोघांची गाठ मात्र खरी पडली ती चाकाच्या धावेवरून. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायची तर ती चाकापेक्षा थोडी लहान करतात, गोवऱ्यांच्या गोल आरात तापवतात, फुगली की चाकावर बसवून वरून पाणी ओततात. ती आवळते आणि चाकाचा सांधा न् सांधा करकचून बसतो. आता सगळ्या गाड्या टायरच्या. तरी भाऊजींना आकडा हवा होता. त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मांडलं: पाच फुटांचं चाक, परीघ पावणेपाच मीटरच्या वर, लोखंड दर अंशाला दर मीटरमागे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या बारापट वाढतं, पाचशे अंश तापवलं तर वाढ साधारण एकोणतीस मिलिमीटर. मग त्यांनी विजयी चेहऱ्यानं विचारलं, “बाबा, तुमी धाव किती कमी ठेवत होते?”

बाबांनी अंगठा आडवा धरला. “येवढी.”

भाऊजींनी अंगठ्याला पट्टी लावून पाहिली. मग भिंत पुसली.

एकच गोष्ट बाबांनी मोबाइलच्या विद्येतून उचलली, ती म्हणजे चुंबक. लोखंड सुमारे सातशे सत्तर अंशांवर गेलं की त्याला चुंबक चिकटत नाही, आणि पाणी द्यायची वेळ त्याच्या जरा पुढेच असते. भाऊजी जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक तारेला टांगून तापलेल्या पाट्याजवळ नेत. बाबा आधी हसले. मग त्यांनी हळूच ते मागून घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, रंगातले बारकावे पूर्वीसारखे कळत नाहीत, हे घरी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चुंबक आता त्यांच्या खिशात असतं. गुरुजींचं काम असलं की गुरुजींनी ते मागायचं.

सांधा मारायच्या वेळी निराळीच फजिती. दोन तुकडे पांढुरके तापवून एकमेकांत ठोकून जोडायचे तर मध्ये टाकणखार शिंपडावा लागतो, त्यानं लोखंडावरची जळ वितळून वाहून जाते. भाऊजी किराणा दुकानात गेले आणि पाव किलो टाकणखार मागितला. दुकानदारानं काळजीनं विचारलं, “तोंड आलं का, गुरुजी?” तोंड आलं की टाकणखाराची लाही मधातून लावतात, हे त्याला माहीत. पण चिमूटभर. पाव किलो म्हणजे काय काय आलं असेल! संध्याकाळी दोन बायका ताईला भेटून गेल्या.

तसं पाहिलं तर भाऊजींना लोखंडाचा वारसा कमी नाही, आणि ते तो ऐकवायला चुकत नाहीत. आमच्या तहसिलीच्या नावानं भूगर्भशास्त्रात खडकांचा एक अख्खा समूह आहे, मँगनीजवाला. तो इथून नागपूर-भंडाऱ्यातून बालाघाटपर्यंत पसरला आहे, आणि मँगनीजशिवाय आजचं पोलाद होत नाही. दगडी कोळसा आपल्याच छिंदवाड्यातल्या परासियाचा. आणि खाली पारशिवनी तालुक्यात, पेंचेच्या काठी नैकुंडला, शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकरांनी उत्खनन केलं तेव्हा लोखंड गाळायची भट्टीच सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. “म्हणजे बुद्धाच्याही आधी,” भाऊजी हात उंचावून सांगत होते, “या पट्ट्यात माणसं दगडातून लोखंड काढत होती, कुऱ्हाडी घडवत होती!”

खाटेवरचा शेतकरी मान डोलावत होता. “लय चांगलं झालं,” तो म्हणाला. “पन गुरुजी, माह्या विळ्याचं काय झालं? तोई आता तितलाच जुना होऊन रायला.”

घणाचा प्रश्न शिल्लक होता. एकट्यानं बारीक काम होतं. सब्बल लांबवायची तर एकानं सांडशीनं धरायचं आणि दुसऱ्यानं घण घालायचा. भाऊजी सौंसरच्या बाजूला रस्त्याकडेला उतरलेल्या गाडी लोहारांकडे जाऊन बसले. चित्तोड पडलं तेव्हापासून घर बांधायचं नाही अशी शपथ घेतलेली ही माणसं. १९५५ साली नेहरूंनी त्यांना चित्तोडगडावर नेऊन शपथ फेडवली, तरी रस्ता काही सुटला नाही. तिथं घण बाई घालते. नवरा बसून लोखंड धरतो आणि छोट्या हातोडीनं जिथं टक् करतो तिथं तिचा घण पडतो. मध्ये शब्द नाही. हातोडी ऐरणीवर वाजली की थांबायचं. भाऊजी घरी येऊन हे सगळं ताईला फार उत्साहानं सांगू लागले. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लग्न ठरलं तेव्हा घणाचं काई बोलनं झालं नव्हतं.”

घण घालायला माणूस मिळाला तो भाचीमुळे. हेअर ड्रायरचं प्रकरण तिनं उदार मनानं घेतलं आणि ऑफिसातल्या एका मुलाला सांगितलं. तो दिवसभर संगणकापुढे बसतो आणि शनिवार-रविवारी हातानं काहीतरी करायला मिळावं म्हणून तळमळतो. तो पुण्याहून आला, चामड्याचा नवाकोरा एप्रन घालून. त्यानं दोन दिवस घण घातला, तीन सब्बली आणि कुणाच्या तरी कुदळीला टोक काढून दिलं, हाताला फोड आले त्यांचे फोटो काढले, आणि जाताना शिकवल्याची फी म्हणून भाऊजींच्या हातात पाकीट ठेवलं. भाऊजी नको नको म्हणत असताना ताईनं ते घेतलं. मग ती ओसरीवर बसून बराच वेळ विचार करत होती. एक जण ठोकून घ्यायला पायलीभर गहू देतो, दुसरा ठोकायला मिळावं म्हणून पैसे देतो. मधल्या माणसानं यात तोटा करून दाखवायचा म्हणजे त्याला गणितच शिकवलेलं असलं पाहिजे.

गव्हाचं सांगायचं राहिलं. भाऊजी पैसे घेत नाहीत हे पक्कं झाल्यावर गावाची पंचाईत झाली. फुकट काम करून घेणं शेतकऱ्याला सोसत नाही. उद्या नाही म्हटलं तर बोलायला तोंड उरत नाही. म्हणून हळूहळू ओसरीवर गोष्टी दिसू लागल्या. संत्र्यांची टोपली. गहू. वांगी. एकदा जिवंत कोंबडा, जो भाऊजींनी परत पाठवला आणि लोहारबाबांनी वाटेत अडवला.

ग्रामपंचायतीत कुणीतरी सुचवलं की गुरुजींनी विश्वकर्मा योजनेचा फॉर्म भरावा. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं काढलेली ही योजना. अठरा कारागिरी, त्यांत लोहार आहेच. प्रशिक्षणाचे दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार. भाऊजी चिडले. “मी लोहार नाही, हौशी आहे.” फॉर्म भरणाऱ्या पोरानं अठराही धंदे वरून खाली वाचले. “हौशी नाई दिसून रायलं याच्यात.” तेव्हा भाऊजींनी बाबांचा फॉर्म भरला. प्रशिक्षण म्हटल्यावर बाबा उठून बसले. “मले शिकवनार? कोन?” आणि मग, पाचशे रुपये रोज हे नीट दोनदा विचारून घेतल्यावर, “शिकून घेऊ न. शिकाले काय वय असते?”

अक्षय तृतीयेला आमच्याकडे सालदारांचे करार ठरतात, कोण कुणाकडे वर्षभर राहणार, काय घेणार. त्या सकाळी भाऊजी कधी नव्हे ते स्वतःसाठी काहीतरी घडवत होते. मोबाइलमधल्या अमेरिकेत पाहिलेलं दरवाज्याचं एक नक्षीदार कडं, पीळ घातलेलं. चार-पाच शेतकरी सोबतच आले. स्वच्छ धोतरं, एकाच्या हातात नारळ. त्यांनी नारळ ऐरणीपाशी ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि त्यांच्यातला थोरला म्हणाला, “गुरुजी, घडीघडी वांगे आणनं बरं नाई दिसत. यंदाचं साल बांधून टाका. पासा, विळे, सब्बल, सारं तुमाकडं. सांगा, घराप्रमानं धान्य किती?”

भाऊजींच्या हातातलं कडं गार होत होतं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते. हौस म्हणजे काय, स्वेच्छा म्हणजे काय, हे एकदा नीट समजावून सांगावं म्हणून त्यांनी खडू शोधायला हात लांबवला, तेवढ्यात माजघरातून ताईचा आवाज आला.

“गहू नोका म्हनू. मागचाच पडून हाये. तुरी म्हना.”